बोटाला चिमटा लावला, पुढं काय?

वाचकांचे प्रश्न, छातीच्या डॉक्टरांची उत्तरं

या वेळच्या पत्रांत औषधांपेक्षा यंत्रांचे प्रश्न जास्त आहेत. ऑक्सिमीटर (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारा, बोटाला लावायचा चिमटा), ऑक्सिजनचं मशीन, मनगटावरचं घड्याळ. राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यातही हल्ली पेशंट बाकावर बसल्या बसल्या शर्टाच्या खिशातून चिमटा काढतो आणि एकमेकांचे आकडे बघणं सुरू होतं. तेव्हा आजचा अंक यंत्रांनाच देऊया.

आमचे मामा (सासरे) ७१ वर्षांचे आहेत. उद्यमनगरात फाउंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य गेलं. विडी होती, ती दोन वर्षांपूर्वी सुटली. सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट आजार) आहे, पंप (इनहेलर) चालू आहेत. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर मामा बोटातून काढतच नाहीत. ९३ दिसलं की बरं, ९० दिसलं की घाम फुटतो. रात्री दोनला आम्हा दोघांना उठवतात. किती वेळा बघायचं आणि किती आकडा आला की घाबरायचं? — एक सूनबाई, शाहूपुरी

ताई, विडी सुटली हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तीच आहे. फुफ्फुसाची घसरण मंद करायला विडी सोडण्याच्या तोडीचं दुसरं काही आमच्याकडं नाही. मामांना माझ्याकडून शाबासकी द्या आणि मग पुढचं वाचून दाखवा.

आता चिमटा. त्यातून एक लाल आणि एक डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून आरपार जातो. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त हे दोन प्रकाश कमी-जास्त शोषतं. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला त्यात होणारा फरक पकडून मशीन टक्केवारी काढतं. जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात ही युक्ती शोधली. युक्ती फार हुशार आहे, पण शेवटी तो अंदाज आहे. चांगल्या मशीनचा अंदाजही दोन-तीन टक्क्यांनी इकडंतिकडं होतो, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर आकडा खऱ्यापेक्षा थोडा चढा दिसू शकतो. मामांना दोन वाजता दिसलेले ९३ आणि सव्वादोनला दिसलेले ९० हे एकाच रक्ताचे दोन अंदाज असू शकतात. तेवढ्यावर घरभर दिवे लावायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, कोरोनात सगळ्यांच्या डोक्यात ९४ घट्ट बसला. त्याच्या खाली गेलं की हॉस्पिटल, असं तेव्हा सांगितलं जायचं आणि त्या आजारासाठी ते बरोबरही होतं. जुन्या सीओपीडीला ते मोजमाप लावून चालत नाही. माझे कितीतरी पेशंट वर्षानुवर्षं ९० ते ९२ वर आहेत, रोज सकाळी रंकाळ्यावर सावकाश का होईना फेरी मारतात, नातवंडांना शाळेत सोडतात. त्यांचा ९१ म्हणजे त्यांची रोजची तब्येत. आणि ज्याचं रोज ९६ असतं त्याला अचानक ९१ आलं, तर मी त्याला त्याच दिवशी बोलावते. आकडा एकच, पण दोन माणसांत त्याचा अर्थ उलटा.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजवायला मला अवघड जात नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आपल्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. ३९ झालं की माणसं सामान वर घ्यायला लागतात, ४३ झालं की बाहेर पडतात, आणि ३० असताना कुणी रात्री उठून नदीवर जात नाही. मामांच्याही अशा दोन पातळ्या ठरवून घ्यायच्या. त्या माझ्या लेखातून नाही, त्यांच्या डॉक्टरांकडून.

त्यासाठी घरी एवढं करा. दोन आठवडे, तब्येत नेहमीसारखी असताना, सकाळी चहानंतर आणि संध्याकाळी एकदा आकडा बघायचा. खुर्ची तीच. बसून दहा मिनिटं झालेली असावीत. मधे बोलायचं नाही. आकडा आणि नाडी दोन्ही लिहायचे. वही नसेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी. मग ते पान घेऊन डॉक्टरांकडं जा आणि विचारा, ‘यांचा नेहमीचा आकडा कोणता धरायचा? कितीवर तुम्हाला फोन करायचा? कितीवर थेट हॉस्पिटल गाठायचं?’ ही तीन उत्तरं डॉक्टरांच्या हातानं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं रात्री दोनला आठवत नाही.

नंतर मामा बरे असतील तेव्हा दिवसातून एकदा किंवा दोनदा बघितलं तरी भरपूर झालं. उरलेला वेळ चिमटा तुमच्या कपाटात.

लावायची रीत मात्र शिकून घ्या, कारण निम्मे घोटाळे तिथं होतात. मोल्डरचे हात मला लांबून ओळखू येतात. तळव्याला घट्टे, नखाच्या कडेला वर्षानुवर्षांची काळी वाळू, कातडी जाड. असे एक आबा डिसेंबरात सकाळच्या पहिल्या बसनं आले. खिडकीतलं वारं लागून हात गारठलेले. चिमटा लावला तर ८४, आणि पडद्यावरची नाडीची पट्टी नुसती थरथरत होती. बरोबरचा मुलगा पांढराफटक पडला. मी आबांचा हात माझ्या दोन हातांत धरून चोळला, बाईंनी गरम चहाचा कप त्यांच्या मुठीत दिला, मधलं बोट घेतलं आणि हात टेबलावर टेकवून ठेवायला सांगितला. पाचेक मिनिटांनी पट्टी नीट ठोक्यागणिक वरखाली व्हायला लागली आणि आकडा ९१ वर येऊन थांबला. आबा पहिल्यापासून गालात हसत होते. त्यांना काहीच होत नव्हतं ना!

तर, हात गरम असावा. नेलपॉलिश, गडद मेंदी नसलेलं बोट घ्यावं. हात टेकलेला, स्थिर. नाडीची पट्टी एकसारखी हलायला लागेपर्यंत आकड्याकडं बघूसुद्धा नये, आणि मग मिनिटभर थांबून जो स्थिरावेल तो लिहावा. पहिल्या पाच सेकंदांत दिसलेला सगळ्यात खालचा आकडा धरून बसणारी माणसं फार. सेल उतरला असेल तरीही मशीन काहीबाही दाखवतं.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. चिमट्याला फुफ्फुसातलं फार थोडं कळतं. त्याला कफ दिसत नाही. सीओपीडी उसळायला लागला की धाप वाढते, कफ वाढतो आणि कफाचा रंग बदलतो. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९८७ साली या तीन खुणा मांडल्या, अँटिबायोटिक कुणाला उपयोगी पडेल ते त्यावरून ठरवलं, आणि आजही आम्ही पेशंटला हेच तीन प्रश्न विचारतो. पांढरा बेडका पिवळा-हिरवा झाला, जिना चढताना एका टप्प्यावर थांबायचे ते दोन टप्प्यांवर थांबायला लागले, रात्री एका उशीवर झोपायचे ते आता तीन लावून बसतात, घोट्याला सूज आली. आकडा घसरायच्या आधी यातलं काहीतरी बहुतेक वेळा दिसतं, आणि ते दिसतं तुम्हाला. दिनदर्शिकेत आकड्याशेजारी एक शब्द लिहायचा, कफ पांढरा की पिवळा.

श्वासही मोजता येतो, त्याला यंत्र लागत नाही. मामा टीव्हीवर बातम्या बघत असताना, त्यांना न सांगता, छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते घड्याळ लावून मोजा. सांगितलंत की ते मुद्दाम सावकाश घेणार. नेहमी १८-२० असतो आणि आज बसल्या जागी २८ आहे, तर ९२ आकड्यावर विसंबू नका. नाडीचंही तसंच. एरवी ८० असणारी नाडी काही कारण नसताना ११०च्या वर टिकून राहिली, तर फोन करा.

यंत्राच्या जोरावर हॉस्पिटल टळतं का, हे स्कॉटलंडमध्ये तपासून बघितलं होतं. २०१३ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात २५६ रुग्ण होते. निम्म्यांच्या घरी आकडे आणि लक्षणं रोज दूरवरच्या टीमकडं पाठवणारं यंत्र बसवलं, निम्म्यांना तेवढीच चांगली सेवा, पण यंत्राविना. यंत्रामुळं हॉस्पिटलात भरती व्हायची वेळ काही लांबली नाही. यंत्र फेकून द्या असा याचा अर्थ मी काढत नाही. पण आकडा बघितल्यावर कुणी काय करायचं हे घरात ठरलेलं नसेल, तर रोज दहा वेळा बघून पदरात फक्त धास्ती पडते.

आणि रात्री दोनचं काय? झोपेत श्वास उथळ होतो, आकडा थोडा खाली येणं नैसर्गिक आहे. मामांना धाप लागून जाग आली, तर चिमटा शोधायच्या आधी त्यांना पलंगाच्या कडेला बसवा, कोपर गुडघ्यावर किंवा समोरच्या उशीवर टेकवून पुढं झुकलेले. नाकानं श्वास आत, ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावून बाहेर. टेबलफॅनचा झोत चेहऱ्यावर, नाका-गालावर येईल असा सोडा. त्या वाऱ्यानं धाप खरोखर हलकी वाटते, हे अभ्यासांत दिसलंय. डॉक्टरांनी तातडीसाठी दिलेला पंप स्पेसरमधून (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) द्या. हे सगळं करून मग चिमटा. पुष्कळदा आकडा नेहमीचाच निघतो. कारण धाप आणि ऑक्सिजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ९५ असताना जीव घाबराघुबरा होतो आणि ८६ असताना माणूस शांतपणे सुपारी कातरत बसतो, दोन्ही मी बघितलंय.

पण मामा एक वाक्य एका दमात पुरं करू शकत नाहीत, ओठ-नखं निळी-करडी दिसतात, भलतंच बोलतात किंवा हाक मारून नीट जागे होत नाहीत, यातलं काहीही असेल तर आकडा बघत बसू नका. १०८ला फोन करा. सकाळी उठल्यावर डोकं जड आणि दिवसभर पेंग, हेही डॉक्टरांना कळवा. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची ती खूण असू शकते आणि ते या चिमट्याला अजिबात दिसत नाही.

माझ्या मिस्टरांना डॉक्टरांनी घरी ऑक्सिजन मशीन दिलंय. मिनिटाला दोन लिटरवर, दिवसातले सोळा तास. जावईबापू म्हणतात धाप लागली की पाचवर करा. आणि आमच्या गल्लीत पुराचं पाणी येतं, लाइट जाते. भीती वाटते. — शुक्रवार पेठ

काकू, जावयांचा जीव तुटतो म्हणून ते म्हणतात, पण काटा पाचवर न्यायचा नाही. सीओपीडीच्या काही रुग्णांत जास्तीचा ऑक्सिजन दिला की फुफ्फुसातला रक्त आणि हवेचा मेळ बिघडतो, कार्बन डायऑक्साइड चढतो आणि माणूस गुंगीत जातो. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात ॲम्ब्युलन्समधल्या ४०५ रुग्णांवर हे तपासलं गेलं, २०१० साली छापून आलं. भरभरून ऑक्सिजन दिलेल्या गटापेक्षा ८८ ते ९२ टक्क्यांत बेतानं राखलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. म्हणून मशीन चालू असताना मिस्टरांचा आकडा ९८ दिसला तर खूश होऊन सोडून देऊ नका, डॉक्टरांना कळवा. बहुतेक ते ८८ ते ९२च लिहून देतील.

सोळा तास मात्र चुकवू नका. १९८०-८१च्या सुमारास अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन मोठे अभ्यास झाले. ज्यांचा ऑक्सिजन बसल्या जागी खरोखर कमी आहे त्यांना दिवसाला पंधरा किंवा जास्त तास दिला, तर आयुष्य वाढतं, हे त्यांतून कळलं. धाप लागली की तासभर नळी, मग बंद, असं केल्यानं तो फायदा मिळत नाही. झोपेतले आठ तास धरा, उरलेले जेवताना, टीव्ही बघताना. लांब नळी घ्या, म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत गप्पा मारायला येता येईल. येताना गॅसच्या शेगडीपासून मात्र चांगलं लांब बसायचं. देवघरातली निरांजन-उदबत्तीही त्या खोलीत नको. नाकाला नळी असलेल्या माणसानं आरती दारातूनच घ्यावी, देव रागावत नाही.

(जाता जाता शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी: ज्यांचा आकडा बसून ८९ ते ९३ आहे अशांना घरचा ऑक्सिजन देऊन आयुष्य वाढत नाही आणि हॉस्पिटलही टळत नाही, हे २०१६च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. तेव्हा कुणाचं बघून मशीन विकत घेऊ नका.)

मशीनची निगा अशी. ते भिंतीपासून हातभर लांब ठेवायचं, पडद्याला चिकटवून नाही. मागची स्पंजची जाळी आठवड्याला धुवून, पूर्ण वाळवून बसवायची. बाटलीतलं पाणी उकळून गार केलेलं, रोज बदलायचं, दोन रेघांच्या मधे. हे मशीन ऑक्सिजन बनवत नाही, खोलीतल्या हवेतला नायट्रोजन आत अडकवून ठेवतं. जाळी धुळीनं भरली की बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन उतरतो आणि मशीन मात्र घुरघुरत राहतं.

आता लाइट. पाच लिटरचं साधं मशीन ३०० ते ४०० वॅट खातं. सोळा तास म्हणजे महिन्याला साधारण १४५ ते १९० युनिट, तेवढी तयारी ठेवा. घरच्या १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर ते तीन-चार तास ओढेल, आणि इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. त्यापुढं सिलिंडर. बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर मावतं, म्हणजे दोन लिटरनं साडेबारा तास. मीटरचा काटा अर्ध्यावर असेल तर सहा तास, एवढा हिशेब तोंडपाठ ठेवा. सिलिंडर भिंतीला साखळीनं बांधून उभा, आणि महिन्यातून एकदा काटा बघायचा. पावसाळ्याच्या तोंडावर जावईबापूंना तो भरून आणायचं काम द्या, हौस तिथं भागू दे.

पण पुराला सिलिंडर हे उत्तर नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैत तुमच्या भागातली लाइट तासांच्या हिशेबानं गेली नव्हती, दिवसांच्या हिशेबानं गेली होती. बाकीचं घर ४३ फुटांची वाट बघेल, तुम्ही बघायची नाही. ३९ झालं आणि पाऊस थांबायचं चिन्ह नसेल की मिस्टरांना घेऊन उंचावरच्या नातेवाइकांकडं जायचं. मशीन, नळ्या, पंप, स्पेसर, चिमटा आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत. चिठ्ठीवर ‘दोन लिटर, ८८-९२’ हे ठळक लिहिलेलं असू दे, म्हणजे नव्या हॉस्पिटलात कुणी भरभरून लावणार नाही. कुणाकडं जायचं ते आत्ता ठरवून ठेवा, आणि त्यांच्या घरी मशीनला पुरेल असा जाड पिनांचा प्लग आहे का तेही बघून या.

पुण्याच्या मुलानं स्मार्ट घड्याळ पाठवलंय. त्यात ऑक्सिजन दिसतो. चिमटा काढून टाकू का? — निवृत्त शिक्षक, ६६ वर्षं, सीओपीडी

नको, सर. बोटातून प्रकाश आरपार जातो, मनगटावर तो कातडीवरून परत फिरलेला पकडायचा असतो. पट्टा सैल, हात हललेला, केस, घाम, सगळ्याचा परिणाम होतो. बहुतेक घड्याळांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं की वैद्यकीय निर्णयासाठी वापरू नये.

पण घड्याळ परत पाठवू नका, त्यातला पावलांचा आकडा मला हवाय. तुम्ही एरवी रोज चार हजार पावलं चालता आणि या आठवड्यात दोन हजारांवर आलात, तर ‘तब्येत कशी आहे’ या माझ्या प्रश्नाला तुम्ही ‘बरी आहे’ म्हणालात तरी मी विश्वास ठेवणार नाही. धाप लागते म्हणून माणूस नकळत चालणं कमी करतो आणि मग धाप लागत नाही म्हणून सांगतो.

मला दमा आहे, वय २४. पीक फ्लो मीटर घेतला. फुंकर मारली की काटा ३८०, कधी ३१० येतो. काय समजायचं? — कागल

तुझ्यासाठी हे फार कामाचं यंत्र आहे. फुंकर मारल्यावर हवा किती जोरात बाहेर पडते ते हे मोजतं. दम्यात नळ्या आवळतात, ते यात लगेच दिसतं. ऑक्सिजन खाली यायला लागतो तोवर बरंच पाणी वाहून गेलेलं असतं. वरच्या मामांनी आणि काकूंच्या मिस्टरांनी मात्र याच्या मागं लागू नये, सीओपीडीत रोज फुंकून फारसं हाती लागत नाही.

उभी राहा, काटा शून्यावर आण, छाती भरून श्वास घे, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकर. तीनदा, आणि तिन्हींतला मोठा आकडा लिही. सकाळी पंप घ्यायच्या आधी आणि संध्याकाळी. दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवड्यांत जो सगळ्यात मोठा येईल तो तुझा स्वतःचा उत्तम आकडा. समज तो ४०० निघाला. तर ३२०च्या वर हिरवा, म्हणजे चालू आहे ते चालू ठेव. २०० ते ३२० पिवळा, डॉक्टरांनी लिहून दिलेला वाढीव डोस सुरू करून त्यांना कळव. २००च्या खाली लाल, तातडीचा पंप घे आणि लगेच हॉस्पिटल. हे पट्टे ८० आणि ५० टक्क्यांचे आहेत. सकाळ-संध्याकाळच्या आकड्यात मोठी दरी पडायला लागली, तर हिरव्यात असलीस तरी दमा बिघडतोय असं धर. आणि रोजचा, आतली सूज कमी करणारा पंप बरं वाटतंय म्हणून बंद केलेला नाहीस ना? पत्रात त्याबद्दल काहीच नाही, म्हणून शंका आली.

आमचं गुऱ्हाळ आहे. हंगामात मी चुलवाणापुढं चिपाडं सारायला असतो. संध्याकाळी डोकं ठणकतं, मळमळतं, खोकला आहे. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणजे धुराचा त्रास नाही ना? — करवीर तालुका

भाऊ, इथं ९८वर विश्वास ठेवू नका. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो ऑक्सिजनच्या जागी रक्ताला चिकटून बसतो, आणि साध्या चिमट्याला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. विषारी वायूनं व्यापलेलं रक्तही त्याला लालभडक, झकास दिसतं. डोकं ठणकणं आणि मळमळ चुलवाणापासून लांब गेलं की उतरते का? घरी, सुट्टीच्या दिवशी नसते का? तसं असेल तर कारण धूरच, बिडी ओढत असाल तर त्याची भर. कुणाला चक्कर आली, गुंगी आली तर आधी उघड्यावर आणायचं आणि हॉस्पिटलात ‘धुरात होता’ हे तोंडानं सांगायचं.

एरवी, वाऱ्याची दिशा बघून उभं राहा, पाळ्या लावा म्हणजे एकच माणूस दिवसभर तिथं नसेल, धुराडं चोंदलंय का ते हंगामाआधी बघा. ओली चिपाडं जाळू नका, धूर दुप्पट होतो. तोंडाला बांधलेल्या गमजानं धूळ थोडी अडते, वायू अजिबात अडत नाही. आणि खोकला हंगाम संपल्यावरही राहिला तर स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुफ्फुसाची तपासणी) करून घ्या. चिपाडाचा असो की चुलीचा, धुरानं विडी न ओढणाऱ्यालाही सीओपीडी होतो. गावाकडच्या, जन्मात विडीला हात न लावलेल्या कितीतरी बायका माझ्याकडं याच आजारानं येतात.

ऑक्सिमीटर ९७ दाखवतो, तरी डॉक्टर फुंकायची तपासणी करा म्हणतात. पैसे उकळायचा प्रकार वाटतो. — नाव नको

नाव मी छापलं नाहीच. डॉक्टर बरोबर सांगताहेत. फुफ्फुसाची ताकद निम्म्यावर आली तरी बसल्या जागी ९६-९७ दिसू शकतं, शरीर तेवढं सांभाळून घेतं. नळ्या अरुंद झाल्यात का हे फक्त स्पायरोमेट्रीत कळतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर फेकली आणि एकूण किती, याचं गुणोत्तर पंप दिल्यावरही ०.७च्या खाली राहिलं तर सीओपीडीचं निदान पक्कं होतं. अर्ध्या तासाचं काम आहे, सुई नाही. खर्चाची अडचण असेल तर सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) छातीच्या ओपीडीत चौकशी करा. जाताना पोटभर जेवून जाऊ नका, कमरेचा पट्टा सैल ठेवा, आणि त्या दिवशी सकाळी कोणता पंप घ्यायचा नाही ते आदल्या दिवशी फोन करून विचारा.